रांजणाचं पाणी कुठं जातं

मुरगूडपासून पश्चिमेला गेलं की डोंगराच्या पायथ्याशी धामणेवाडी लागते. चारशे उंबऱ्यांचं गाव. त्याच डोंगराच्या अंगावर, तासाभराच्या चढावर तीस-बत्तीस घरांची वरची वाडी आहे. ग्रामपंचायत एकच, पण खालच्या गावाला डांबरी रस्ता, शाळा, दूध डेअरी. वरच्या वाडीला एक पायवाट. आणि दोन्हींच्या डोक्यावर सडा, म्हणजे काळ्या कातळाचं सपाट पठार. पावसाळ्यानंतर महिनाभर तो फुलांनी भरतो आणि मग वर्षभर कोणी तिकडं फिरकत नाही.

या गावाला पाणी सोडायचं काम कृष्णात करायचा. वय चौपन्न, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. बावीस वर्षं तो रोज साडेपाचला गायमुखाशी जायचा. गायमुख म्हणजे डोंगराच्या पोटातून येणारा झरा. दगडी गाईच्या तोंडातून पाणी कुंडात पडतं आणि तिथून उतारानं गावाच्या टाकीत येतं. मोटार नाही, की विजेची वाट बघणं नाही. तालुक्यात टँकर फिरायचे त्या वर्षीसुद्धा धामणेवाडीच्या नळाला पाणी होतं. कृष्णात कुंड झाडायचा, औषधाची पावडर टाकायचा, पाणी सोडायचा व्हॉल फिरवायचा आणि गावातल्या कुठल्या नळाला किती धार आहे हे घरी बसून सांगायचा.

गेल्या वर्षी सड्यावर बंगले होणार अशी बातमी आली. बातमी आणणारा पृथ्वीराज परका नव्हता. त्याचे आजोबा याच गावचे. वडील नोकरीसाठी कोल्हापूरला गेले आणि हा शिवाजी पेठेत वाढला, तालमीच्या फुटबॉल संघात खेळला, पुढं बांधकामाच्या धंद्यात पडला. दोन भागीदारांना घेऊन त्यानं सड्यावरच्या खाजगी जमिनी घेतल्या होत्या. चौसष्ट बंगल्यांचा आराखडा तयार होता. पण सड्यावर जायची वाट गावाच्या गायरानातून होती आणि गायरान ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मिळणार नव्हतं. बदल्यात तो वरच्या वाडीवरून जाणारा पक्का डांबरी रस्ता करून देणार होता, आणि गावातल्या माणसांना तिथं काम.

ग्रामसभेत हात वर करायची वेळ आली तेव्हा गोंधळ झाला. भावकीच्या देखत हात कोण वर करणार? कुणी जमिनी विकलेल्यांच्या घरातले, कुणी पृथ्वीराजचे पाहुणे, कुणी नुसतेच भिडेचे. सरपंच वर्षाराणी तेव्हा चौतीस वर्षांची होती, मूळची मुरगूडची, बारावीपर्यंत शिकलेली. तिनं सभा थांबवली आणि सांगितलं की दारूबंदीला जसं बायकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं तसंच हेही ठरवायचं. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. एकच पेटी, गुप्त मतदान, पंचायत समितीचे विस्तार अधिकारी समोर बसणार. पेटीतून जे निघेल तोच ठराव ती लिहिणार, आणि हे दोन्ही बाजूंनी आधी सही करून मान्य करायचं. चिन्हं काय ठेवायची यावरून दोन दिवस गेले. घर आणि डोंगर नको, त्यानं मन वळतं, असं तिचंच म्हणणं पडलं. शेवटी गोल म्हणजे संमत आणि चौकोन म्हणजे नामंजूर, असं ठरलं.

कृष्णातची धाकटी बहीण झुंबरबाई वरच्या वाडीत दिली होती. तिच्या दारात तीन म्हशी. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर दुधाची किटली घेऊन ती चाळीस मिनिटं उतरायची आणि तासभर चढायची, कारण दुधाची गाडी खालच्या देवळापर्यंतच यायची. आदल्या वर्षी तिचे सासरे गोठ्यात घसरून पडले. त्यांना खुर्चीला बांबू बांधून खाली आणलं. चौघांपैकी एक खांदा कृष्णातचा होता. म्हातारा वाचला, पण खुबा जो गेला तो गेलाच. त्यामुळं झुंबरबाई गोलावर शिक्का मारणार हे तिनं भावाला तोंडावर सांगितलं होतं, आणि कृष्णातनं तिला एका शब्दानंही अडवलं नव्हतं. मात्र तो स्वतः चौकोनाचा होता.

त्याला कारण होतं. सड्याच्या मधोमध कातळात एक खोल भोक आहे. गावात त्याला रांजण म्हणतात. सड्यावरचं सगळं पाणी ओघळत त्यात जातं आणि दिसेनासं होतं. रांजणात टाकलेलं लिंबू तिसऱ्या दिवशी गायमुखातून बाहेर येतं, ही गोष्ट धामणेवाडीतलं लहान मूलही सांगतं. बंगले होणार होते ते या रांजणाच्या भोवतीच.

चौकोनाच्या बाजूचा पुढारी पिराजी होता. दूध संस्थेचा माजी चेअरमन, मोठ्या आवाजाचा, मनानं बरा. त्यानं मुरगूडला पत्रकं छापून घेतली आणि घरोघर वाटली. त्यात लिहिलं होतं: ‘रांजणात टाकलेले लिंबू गायमुखातून बाहेर येते. बावीस वर्षे गावाला पाणी सोडणारे कृष्णात हे स्वतः सांगतात. उद्या तिथे चौसष्ट संडास झाले की तेच तुमच्या घागरीत येणार.’

आपलं नाव छापलेलं कृष्णातनं पहिल्यांदाच बघितलं. वाचून त्याला बरं वाटलं, हे त्यानं नंतर बायकोजवळ कबूल केलं. पत्रक त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

दोन दिवसांनी पृथ्वीराज गायमुखाशी आला. कृष्णात कुंडातला पाला काढत होता. पृथ्वीराजनं चपला काढल्या, ओंजळभर पाणी प्यायला आणि कट्ट्यावर बसला. भांडायला आल्यासारखा तो दिसत नव्हता.

“तात्या, तुमी लिंबू टाकलंय कवा?”

“न्हाय.”

“टाकल्यालं कुणी बघितलंय?”

“आमचं आज्जं सांगत हुतं.”

“पण पत्रकावर नाव तुमचं हाय की. आज्ज्याचं न्हाय.”

एवढं बोलून तो उठला, चपला घातल्या आणि गेला. कृष्णात हातातला पाला तसाच धरून उभा राहिला. बावीस वर्षं या पाण्यापाशी काढली, पण ते येतं कुठून हे आपण बघितलेलं नाही, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं. दिवसभर त्याला काही सुचलं नाही. संध्याकाळी त्यानं ते बायकोला, आक्काताईला सांगितलं. ती म्हणाली, मग बघून यायचं, त्यात काय एवढं.

मंगळवारी मुरगूडच्या बाजाराला गेला तेव्हा तो सरोजिनीबाईंच्या घरी गेला. बाई हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. कृष्णातची मुलगी त्यांच्या हाताखाली शिकलेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी त्यांनी त्याला समोर बसवून वहीत डोंगराचं चित्र काढून दाखवलं. कातळाच्या भेगा कुठल्या कुठं जातात हे वरून सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. लिंबू टाकू नकोस, ते अडकून बसेल. जिलेबीत घालतात तो खायचा केशरी रंग घे, दोन किलो. माणसाला, जनावराला त्याचा अपाय नाही. वाहत्या पाण्यात कालवून रांजणात सोड आणि मग रोज पांढऱ्या भांड्यात पाणी घेऊन बघ.

तो निघाला तेव्हा बाई दारापर्यंत आल्या.

“कृष्णात, उत्तर तुझ्या मनासारखंच येईल असं नाही. जे येईल ते सांगायची तयारी असेल तरच रंग टाक.”

तो हो म्हणाला. त्या वेळी त्याला ते अवघड वाटलं नाही.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, त्यामुळं सड्यावरचा ओहोळ अजून वाहत होता. गुरुवारी दुपारी कृष्णात आणि आक्काताई रंगाची पिशवी आणि एक बादली घेऊन वर गेले. कुणाला काही सांगितलं नाही. गावाला आधी सांगितलं तर लोक पाणी प्यायचे बंद होतील आणि पिराजी गाजावाजा करील, असा त्याचा विचार होता. गायमुखाचं पाणी रंगलं की लगेच व्हॉल बंद करायचा आणि मगच बोलायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. दोघांनी बादलीत रंग कालवला आणि ओतला. केशरी धार कातळावरून वळण घेत गेली आणि रांजणात उतरली. आक्काताईनं हात जोडले, तिलाही का ते सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळपासून कृष्णात पांढरी चिनीमातीची बशी घेऊन गायमुखाशी जायला लागला. पाणी घ्यायचं, उजेडात धरायचं, ओतायचं. तिसरा दिवस गेला. चौथा, पाचवा गेला. पाणी नेहमीसारखंच नितळ होतं. सहाव्या दिवशी त्यानं सरोजिनीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, थांब, कधी कधी वेळ लागतो. आठव्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मतदानाला तीन दिवस उरले होते आणि त्याच्या नावाचं पत्रक प्रत्येक घरात होतं.

नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो कुंडाशी असताना झुंबरबाई आली. डोक्यावर किटली नव्हती. हातात स्टीलचा तांब्या होता, त्यावर झाकण. ती धापा टाकत होती.

“आण्णा, आमच्या झिऱ्याला काय झालंय बघ.”

तिनं झाकण काढलं. कृष्णातनं पाणी बशीत ओतलं. फिकट, पण स्पष्ट केशरी.

वरच्या वाडीचं पाणी गायमुखाचं नव्हतं. वाडीच्या मागं कातळाच्या फटीतून एक बारीक झिरा पाझरायचा, त्याखाली दगडी डबकं बांधलं होतं. त्यावर बत्तीस घरं आणि सगळी जनावरं जगायची. झुंबरबाईनं सांगितलं की पहाटे पहिल्या बाईनं घागर भरली तेव्हा हे दिसलं. बायकांनी भरलेलं पाणी ओतून दिलं, म्हशी दावणीला बांधून ठेवल्या, कोणी चूल पेटवली नाही. रस्ता नको असणाऱ्यांनी विष घातलं म्हणून दोन-तीन पोरं मुरगूडला पोलिसांत जायला निघाली होती.

कृष्णात कट्ट्यावर बसला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. रंग कुठं आणला, कधी टाकला, का टाकला. झुंबरबाई ऐकत होती. तिचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग आवळला.

“सांगून तरी टाकायचं हुतं की. वाडीत ल्हान पोरं हायत.”

“वाडीत जाईल आसं वाटलंच न्हाई मला.”

“व्हय. वाडी कुणाच्या ध्यानात आस्ती?”

त्यानं व्हॉल फिरवून गावाला पाणी सोडलं, बशी खिशात घातली आणि तिच्याबरोबर चढायला लागला.

वाडीतली माणसं डबक्याभोवती जमली होती. कृष्णातनं सगळ्यांसमोर सांगितलं की हा रंग माझा आहे. कुणीतरी शिवी दिली. तो तांब्या घेऊन डबक्यापाशी वाकला, भरून घेतला आणि उभ्यानं सगळा प्यायला. मग दुसरा प्यायला. मग म्हणाला, आज दिवसभर मी इथंच बसतो; मला काही झालं तर बघा, नाही तर संध्याकाळी म्हशी सोडा. आणि खरंच तो झुंबरबाईच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिला. दुपारी खुबा गेलेला म्हातारा, झुंबरबाईचे सासरे, खाटेवरून त्याच्याशी बोलायला लागले. त्यांना एकच गोष्ट नीट समजून घ्यायची होती.

“म्हंजे सड्यावर घरं झाली तर खालच्या गावाला काय बी न्हाय?”

“न्हाय. गायमुखाचं पाणी दुसरीकडनं येतंय.”

“आनि आमाला?”

“तुमाला हाय. रांजणात जे जाईल ते नवव्या दिवशी तुमच्या झिऱ्यात.”

म्हातारा म्हणाला की रस्ता तर आम्हालाच हवा होता. दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या झुंबरबाईनं मान वर केली नाही.

संध्याकाळी कृष्णात खाली उतरला तो सरळ सरपंचाकडं गेला. वर्षाराणीनं आधी त्याला झापलं. प्यायच्या पाण्यात काही टाकायचं आणि पंचायतीला सांगायचं नाही, ही कुठली रीत? त्यानं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, हे तू सभेत सांगणार का? मतदानाच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी दुपारी, शेवटची सभा होती. तो म्हणाला, सांगणार. मग ती म्हणाली की पूर्ण सांग, अर्धं नको.

पण अर्धं सांगा असं म्हणायला पिराजी रात्र व्हायच्या आतच घरी आला. वाडीतली बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. तो खूश होता. रंग प्यायच्या पाण्यात निघाला, एवढंच बोल, असं त्याचं म्हणणं. कुठल्या पाण्यात ते बोलूच नको. खोटं तर काही नाही ना त्यात? गायमुखाला धोका नाही असं कळलं तर खालचं गाव उद्या गोलावर शिक्के मारील. वाडीची मतं ती किती, शंभर. डोंगर वाचवायचा आहे ना तुला?

कृष्णातला डोंगर वाचवायचा होताच. पिराजीचं म्हणणं त्याला एकदम टाकाऊही वाटलं नाही. वाडीचं पाणी वाचवायचा हाच सोपा मार्ग होता. पिराजी गेल्यावर तो आक्काताईला म्हणाला की यात चूक कुठं आहे तेच मला सापडेना. आक्काताई धुणं घडी घालत होती. ती म्हणाली, चूक असो नसो, रोज पाणी पिणारी माणसं आहेत. त्यांना आपलं पाणी कुठनं येतंय ते कळायला नको होय? एवढं बोलून तिनं घड्यांचा ढीग उचलून आत नेला.

शनिवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. वाडीची माणसं जवळजवळ सगळी उतरून आली होती. पृथ्वीराज मागं, आपल्या चुलत भावांबरोबर उभा होता. वर्षाराणीनं कृष्णातला बोलावलं. त्यानं माईक हातात घेतला नाही, त्याला त्याची सवय नव्हती. त्यानं पहिल्यांदा खिशातलं पत्रक काढलं आणि सांगितलं की यात माझ्या नावावर जे छापलंय ते मी बघितलेलं नव्हतं, आणि ते खरं नाही. पिराजीनं खाली बघितलं. मग कृष्णातनं दोन किलो रंग, आठ दिवसांची बशी, नवव्या दिवशीचा तांब्या, सगळं क्रमानं सांगितलं. खालच्या गावानं गायमुखाची काळजी करू नये. वरच्या वाडीनं मात्र करावी. त्याला यापेक्षा जास्त माहीत नाही.

मग खालच्या गावातला एकजण उभा राहिला आणि म्हणाला की असं असेल तर आपलं काय अडलंय, होऊ दे रस्ता. दोघा-तिघांनी माना हलवल्या. पृथ्वीराज पुढं आला. त्यानं वाडीला वेगळी पाण्याची पाइपलाइन टाकून द्यायचं जाहीर केलं, हवं तर लिहून देतो म्हणाला. तो मनापासून बोलत होता. कृष्णातला तसं वाटलं आणि इतरांनाही.

तेव्हा झुंबरबाई उठली. ग्रामसभेत ती या आधी कधी बोलली नव्हती. पदर खोचून ती बायकांच्या रांगेतून पुढं आली आणि पृथ्वीराजकडं वळली.

“बाबा, तुझ्या पाइपाची चावी कुणाच्या हातात आसनार? आज तू हाईस. उद्या चौसष्ट घरांची सोसायटी आसंल. झिऱ्याला चावी न्हाय.”

मग ती खालच्या गावाकडं वळली.

“आनि तुमी. वाडीत दिल्यापासनं बघतोय, पानी आलं तर गावाला, रस्ता आला तर गावाला. आमी रस्त्यासाठी पानी घालवायला निघालो हुतो, कारन दुसरं कायच कुणी दिलं न्हाई. उद्या चौकोनावर शिक्का मारला तर नुसता डोंगर वाचवला म्हनून घरी जाऊ नका. आमचा रस्ता तुमी करून द्यायचा. गायरान तुमचं बी हाय, आमचं बी हाय.”

ती खाली बसली. शेजारी बसलेल्या आक्काताईनं तिचा हात धरून ठेवला. वर्षाराणीनं लगेच कागद ओढला. ती म्हणाली की उद्या चौकोन निघाला तर त्याच दिवशी दुसरा ठराव मांडू, गायरानातून वाडीपर्यंत रस्ता, पंचायतीनं आणि गावानं मिळून. आज फक्त कोण कोण मान्य करतंय ते हात वर करून सांगा. या वेळी भीड आडवी आली नाही. बरेच हात वर गेले. पिराजीचा हात सगळ्यात शेवटी गेला.

रविवारी आठ वाजता मतदान सुरू झालं. वाडीतल्या म्हाताऱ्याला पुन्हा खुर्चीतून आणलं, आणि या वेळी खुर्ची उचलायला खालच्या गावातले दोघे वर गेले होते. पाच वाजता पेटी बंद झाली, सहाला मोजणी संपली. विस्तार अधिकाऱ्यांनी आकडे वाचले: गोल चारशे एकाहत्तर, चौकोन पाचशे अठ्ठेचाळीस, बाद एकोणीस. पेटी एकच होती, त्यामुळं वाडीनं काय केलं आणि गावानं काय केलं हे कोणाला कळलं नाही. वाडीतल्या काही घरांनी गोलावरच शिक्का मारला असणार, असं झुंबरबाई आजही म्हणते, आणि त्यांना नावं ठेवत नाही. पण खालच्या गावातल्या पुष्कळ माणसांनी, स्वतःला काही धोका नसताना, चौकोन निवडला एवढं आकड्यांवरून दिसत होतं.

पिराजीच्या पोरांनी फटाक्यांची माळ काढली. वर्षाराणीनं ती परत ठेवायला लावली आणि दुसरा ठराव वाचला. तो एकमतानं झाला.

पृथ्वीराज निकालाला हजर होता. त्यानं सरपंचाला नमस्कार केला, सही केली. जाताना तो कृष्णातजवळ थांबला. आपले भागीदार आता आपल्याला सोडणार नाहीत, असं हसत म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. कृष्णातनं त्याला चहाला चल म्हटलं. तो आला, आक्काताईच्या हातचा चहा प्यायला, आजोबांचं पडकं घर कुठल्या गल्लीत होतं ते विचारून बघून आला आणि मग कोल्हापूरला गेला. पुढं त्यानं सड्याच्या खालच्या अंगाला, पाणी कुठल्याच झऱ्याकडं जात नाही अशी जागा मिळते का ते विचारायला माणूस पाठवला होता. कृष्णातनं सांगितलं की मला माहीत नाही, बघावं लागेल.

रस्त्याचं काम सोपं गेलं नाही. आखणी झाली तेव्हा वाट पिराजीच्या शेताच्या बांधातून गेली. तीन गुंठे जात होते. डोंगरासाठी गावभर ओरडलेला पिराजी पंधरा दिवस कुणाला भेटला नाही. झुंबरबाई रोज दूध घालायला उतरली की त्याच्या दारावरून जायची, काही बोलायची नाही. सोळाव्या दिवशी त्यानं स्वतः कुदळ आणून बांध फोडला. कृष्णातशी मात्र तो संक्रांतीपर्यंत बोलला नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला आणि म्हणाला की माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. कृष्णात म्हणाला, म्हणू नको, बस.

पंचायत समितीकडून महिनाभर मशीन मिळालं. बाकी दर रविवारी गावातली तीस-चाळीस माणसं यायची. कधी शंभर, कधी बाराच. मे अखेरीस मुरमाचा रस्ता दुसऱ्या वळणापर्यंत पोचला. तिथं मोठा कातळ आडवा आला. सुरुंग लावला तर दोन दिवसांत मोकळं होईल, असं मशीनवाला म्हणाला. वाडीनं नको म्हटलं. कातळ हादरला आणि झिऱ्यानं वाट बदलली तर काय करायचं? त्यामुळं रस्ता कातळाला वळसा घालून न्यायचं ठरलं आणि काम दसऱ्यापुढं गेलं.

सध्या दुधाची गाडी दुसऱ्या वळणापर्यंत येते. तिथून वाडी पंधरा मिनिटांवर आहे. पाऊस सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मुरूम वाहून जाऊ नये म्हणून वाडीतल्या बायका कडेनं दगड रचत होत्या. कृष्णातही गेला होता. झुंबरबाई त्याला कुठला दगड कुठं बसवायचा ते सांगत होती आणि तो बसवत होता.